मंडळी चालविण्याची विद्या

मराठीत ‘मंडळी’ हा शब्द फार ऐसपैस आहे. घरची मंडळी, भजनी मंडळी, नाटक मंडळी असे त्याचे अनेक संसार आहेत. रावपुऱ्यातील जुन्या मराठी कुटुंबांना तर तो विशेष जवळचा, कारण परमुलखात येऊन वसलेल्या माणसांना चार मंडळी जमविल्यावाचून आपलेपण सापडत नाही. मराठी ख्रिस्ती समाजाने चर्चसाठी हाच शब्द स्वीकारला. त्यांच्या भाषेत मंडळी म्हणजे उपासनेची इमारत नव्हे. उपासनेसाठी एकत्र येणारा, वर्गणी देणारा, आपला पाळक निवडणारा आणि आपल्यातील आजारी, निराधार माणसांची विचारपूस करणारा समुदाय म्हणजे मंडळी. या अर्थाने मंडळी चालविणे ही एक विद्या आहे, ती शिकता येते आणि शिकविता येते, ही जाणीव महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात हळूहळू उदय पावली. ही विद्या शिकण्यासाठी एक मराठी तरुण विलायतेस गेला आणि त्याला त्या वाटेवर बडोद्याच्या राजाचा हात मिळाला. त्या तरुणाचे, म्हणजे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे, चरित्र बहुधा अस्पृश्यतानिवारणाच्या अंगाने सांगितले जाते. ते यथार्थच आहे. परंतु मंडळी चालविणारा माणूस म्हणून त्यांच्याकडे पाहिल्यास काही वेगळ्या गोष्टी ध्यानात येतात.

प्रथम ख्रिस्ती मंडळींकडे वळू. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ साली मुंबईत सुरू झाले आणि १८३१ साली ते अहमदनगरास, आताच्या अहिल्यानगरास, पोहोचले. पुढे वीसेक वर्षे तेथील मंडळीचे पाळकत्व परदेशी मिशनऱ्यांकडेच होते. १८५४ साली हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघा मराठी गृहस्थांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याच सुमारास मिशनच्या अमेरिकेतील मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानात पाहणीसाठी आले होते. मंडळीने आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण भागवावा आणि आपला प्रसारही आपणच करावा, असे त्यांचे आग्रहाचे प्रतिपादन होते. तत्त्व साधे दिसते, पण आचरणात ते फार जड गेले. पाळकाचा पगार परदेशातून येत असेल तर पाळक कोणाचा, मंडळीचा की मिशनचा? हा प्रश्न पुढील अर्धशतक मराठी ख्रिस्ती समाजाच्या मनात घोळत राहिला. १९०४ साली दीक्षित झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा स्वतंत्र प्रपंच मांडला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

हिंदू सुधारकांपुढील अडचण याच्या नेमकी उलट होती. ३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाला पैसा परदेशातून घ्यावा लागला नाही आणि कोणाचा हुकूमही पाळावा लागला नाही. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक, पुढे सर नारायण चंदावरकर अशी थोर माणसे उपासना चालवीत. १८७३ साली ‘सुबोध पत्रिका’ निघाली आणि १८७४ साली गिरगावात मंदिर उभे राहिले. आपल्या गुजरातेतही भोळानाथ साराभाई यांच्या पुढाकाराने १८७१ साली अहमदाबादेस प्रार्थना समाज निघाला. तत्त्वज्ञान होते, वक्ते होते, मंदिर होते, नियतकालिक होते. उणीव होती ती पूर्ण वेळ मंडळीचाच विचार करणाऱ्या माणसाची. न्यायाधीश आणि प्राध्यापक आपल्या कामातून सवड काढून रविवारी उपासना करीत आणि सोमवारी पुन्हा कचेरीत जात. सदाशिवराव केळकरांसारखे निष्ठावान प्रचारक होऊन गेले, परंतु त्यांच्या मागे शिक्षणाची किंवा पद्धतीची परंपरा उभी राहिली नाही. परिणामी समाज आदरणीय राहिला, पण वाढला नाही.

अशा वेळी शिंदे पुढे आले. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना त्यांना सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १८९८ साली ते पदवीधर झाले, कायद्याच्या अभ्यासास लागले आणि त्याच काळात प्रार्थना समाजाचे सभासदही झाले. रूढ हिशेबाने पाहिले तर पुढची वाट सरळ होती. वकिली किंवा संस्थानातील नोकरी, आणि बहुजन समाजातील एका गुणी तरुणाचा उत्कर्ष. परंतु त्यांचे मन धर्मकार्याकडे ओढले गेले होते. १८९५-९६ मध्ये हिंदुस्थानचा दौरा केलेल्या जेबेझ संडरलँड या अमेरिकन युनिटेरियन धर्मोपदेशकाच्या शिफारशीमुळे ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात हिंदी विद्यार्थ्यासाठी शिष्यवृत्तीची सोय झाली होती. तिच्यासाठी शिंदे यांची निवड झाली आणि प्रवासखर्चासाठी साहाय्य बडोद्याहून मिळाले.

महाराजांनी हे साहाय्य का करावे, असे कोणी विचारील. शिंदे आता संस्थानच्या नोकरीत येणार नव्हते, हे उघड होते. याचे उत्तर सयाजीरावांच्या एकंदर राज्यकारभारात सापडते. कोणतेही काम ही शिकण्याजोगी विद्या आहे, असा त्यांचा दृढ विश्वास होता. कारागिरी वडिलांकडून मुलाकडे आपोआप जाते, असे मानण्याच्या काळात त्यांनी १८९० साली कलाभवन काढले. ग्रंथालयात पुस्तके राखण्याचे काम कोणीही करील, असे समजले जात होते, तेव्हा त्यांनी अमेरिकेतून बॉर्डन यांना आणून १९११ साली ग्रंथपालांचे वर्ग सुरू केले. धर्मोपदेशकाचे काम हेही शिक्षणाचा विषय आहे, ही कल्पना त्याच मनाला सहज मानवणारी होती.

मँचेस्टर कॉलेज ही मूळची १७८६ सालची संस्था १८८९ साली ऑक्सफर्डास आली. विशिष्ट पंथमताची अट न घालता धर्मशास्त्र शिकविणे, हे तिचे वैशिष्ट्य. शिंदे तेथे १९०१ ते १९०३ अशी दोन वर्षे होते. एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारख्या विद्वानाकडून त्यांनी धर्मांचा तौलनिक अभ्यास केला. तथापि त्यांचे शिक्षण वर्गातच संपले नाही. सुट्टीत ते इंग्लंडमधील निरनिराळ्या पंथांच्या उपासनामंदिरांत जात आणि तेथील व्यवहार बारकाईने पाहत. शहरांतील गरीब वस्त्यांत युनिटेरियन मंडळी जे सेवाकार्य चालवीत, ते त्यांनी पाहिले. रविवारच्या मुलांच्या शाळा, तरुणांचे मेळावे, घरोघर जाऊन केलेली विचारपूस, हे सारे उपासनेइतकेच नियमाने चालत होते. व्यासपीठावरील प्रवचन हा मंडळीच्या जीवनाचा दिसणारा भाग. त्याला आधार असतो तो आठवडाभर चाललेल्या न दिसणाऱ्या कामाचा. शिंदे यांच्या पुढील कामाची रचना पाहिली तर ऑक्सफर्डची खरी शिदोरी हीच होती, असे म्हणावेसे वाटते. १९०३ च्या सप्टेंबरात ॲम्स्टरडॅम येथील उदारधर्मीयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचून ते स्वदेशी परतले.

परतल्यावर त्यांनी मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारकपद पत्करले. आता शिकलेली विद्या वापरायची होती. त्यांनी रविवारच्या शाळेकडे लक्ष दिले. तरुणांचा संघ काढला. उदार धर्मग्रंथांच्या वाचनाचा वर्ग सुरू केला. दूरच्या जिज्ञासूंना टपालाने वाङ्मय पाठविण्याची व्यवस्था केली. ‘सुबोध पत्रिके’त ते लिहीत राहिले. देशभर प्रवास करून ठिकठिकाणचे ब्राह्म व प्रार्थना समाज त्यांनी प्रत्यक्ष पाहिले आणि त्यांची माहिती जमविली. ती १९१२ साली इंग्रजी ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. विखुरलेल्या मंडळींना एकमेकींचा ठावठिकाणा कळावा, हा त्यामागचा साधा हेतू. नोंद ठेवणे हेही धर्मकार्य असू शकते, हे ओळखणारा प्रचारक आपल्याकडे विरळाच.

परंतु मंडळीची वाढ म्हणजे काय, या प्रश्नाने त्यांना पुढे नेले. गिरगावातील मंदिरात येणारे लोक शिकलेले आणि बव्हंशी उच्चवर्णीय होते. एकच परमेश्वर सर्वांचा पिता, असे तेथे दर रविवारी म्हटले जाई, आणि मंदिराबाहेर कोट्यवधी माणसे सार्वजनिक विहिरीलाही पारखी होती. परतल्यानंतर महाराजांच्या इच्छेवरून शिंदे यांनी बडोदे राज्यातील अंत्यज शाळा पाहिल्या. १९०५ साली नगरजवळच्या भिंगार येथे महार वस्तीतील सभेत ते बोलले आणि त्या लोकांसाठी काम करण्याचा त्यांचा निश्चय पक्का झाला. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळ येथे शाळा उघडून ‘भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी’चा आरंभ झाला. तिच्या नावातही मंडळी हाच शब्द आहे. चंदावरकर अध्यक्ष झाले, शेठ दामोदरदास सुखडवाला यांनी एक हजार रुपये दिले आणि शिंदे यांच्या भगिनी जनाबाई यांनी स्वतःला या कामास वाहून घेतले. सहा वर्षांत चौदा ठिकाणी तेवीस शाळा, सुमारे अकराशे विद्यार्थी आणि पाच वसतिगृहे एवढा विस्तार झाला. पुढे पुण्यातील अहिल्याश्रमासाठी तुकोजीराव होळकरांनी वीस हजार रुपये दिले.

या वाढीची किंमतही द्यावी लागली. समाजाच्या चालकांशी मतभेद होऊन १९१० साली शिंदे यांनी प्रचारकपद सोडले. जुनी मंडळी आपल्या उंबऱ्यापाशी थांबली होती आणि प्रचारक उंबऱ्यापलीकडे गेला होता. यात एका बाजूस दोष देणे सोपे आहे. चालकांची भीती अशी की, समाजसेवेच्या रेट्यात उपासना मागे पडेल. शिंदे यांची श्रद्धा अशी की, सेवेवाचून उपासना पोकळ राहील. संस्थेच्या इतिहासात असे प्रसंग पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांचा निकाल कोणत्याही घटनेच्या कलमांत सापडत नाही.

याहून कठीण परीक्षा पुढे होती. मार्च १९१८ मध्ये मुंबईत अस्पृश्यतानिवारणाची मोठी परिषद भरली. अध्यक्षस्थानी सयाजीराव महाराज होते. लोकमान्य टिळक तेथे जोरदार बोलले, परंतु वैयक्तिक आचरणाच्या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेपासून दूर राहिले. ज्यांच्यासाठी काम चालले आहे, त्यांच्या हाती कारभार का नाही, हा प्रश्न आता उघडपणे विचारला जाऊ लागला होता. म्हणजे अँडरसन यांनी नगरच्या मंडळीपुढे मांडलेला प्रश्नच निराळ्या वेषात शिंदे यांच्या दारी आला. १९२३ च्या सुमारास त्यांनी मिशनच्या कारभारातून अंग काढून घेतले आणि सूत्रे त्या समाजातील कार्यकर्त्यांकडे जावीत अशी व्यवस्था केली. सतरा वर्षे उभारलेले काम असे दुसऱ्याच्या हाती देणे सोपे नव्हते. पुढल्याच वर्षी ते मंगळूरच्या ब्राह्म समाजाचे आचार्य म्हणून पुन्हा एका लहानशा मंडळीच्या सेवेस गेले.

बडोद्यात याच काळात धर्मशिक्षणाचा वेगळा प्रयोग चालू होता. १९१५ साली राज्याने पुरोहितांविषयी कायदा केला. पौरोहित्य करणाराने परीक्षा उत्तीर्ण व्हावे आणि संस्कारांचा अर्थ यजमानास त्याच्या भाषेत सांगावा, अशी त्याची दिशा होती. दक्षिणेसाठी श्रावणमासात विद्वानांची परीक्षा घेण्याची गायकवाडी परंपरा होतीच. तिला हे नवे वळण मिळाले. बडोदे कॉलेजात ॲल्बन विजरी यांच्याकडे धर्मांच्या तौलनिक अभ्यासाचे अध्यापन आले. या उपक्रमांचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. यजमानाला मंत्राचा अर्थ कळला पाहिजे, ही अपेक्षा आजही पूर्ण झालेली नाही. मात्र कायद्याने पुरोहिताची पात्रता ठरली, यजमानांची मंडळी निर्माण झाली नाही. परीक्षा एकट्या माणसाची घेता येते. मंडळी ही परस्परांशी बांधलेल्या माणसांची असते आणि ते बंध सरकारी हुकमाने पडत नाहीत.

या तिन्ही प्रयोगांतून एक निष्कर्ष निघतो, असे मला वाटते. नगरला मंडळी होती, पण कारभार परका होता. गिरगावात कारभार स्वतःचा होता, पण दार अरुंद होते. बडोद्यात शिक्षण होते, पण मंडळी नव्हती. शिंदे यांनी शिक्षण घेतले, दार रुंद केले आणि शेवटी कारभार सोडला. मंडळीची वाढ सभासदांच्या संख्येने किंवा इमारतीच्या मजल्यांनी मोजण्याची आपल्याला सवय आहे. काल जे फक्त समोर बसून ऐकत होते, त्यांपैकी किती जण आज हिशेब लिहितात, सभा चालवितात आणि प्रसंगी चालकांना विरोध करतात, हे मोजमाप अधिक खरे आहे.

हा इतिहास रावपुऱ्यातील वाचकांपुढे मांडण्याचे कारण उघड आहे. आपल्या वाडवडिलांनी या गावात वाचनालये, उत्सव मंडळे आणि साहित्य मंडळे नांवारूपाला आणली. वर्गणीची पुस्तके आणि सभांची इतिवृत्ते त्यांनी नेटाने राखली. आज घराघरांतील पुढची पिढी दूरदेशी गेली आहे, जी येथे आहे तिची बोलण्याची भाषा बहुतांशी गुजराती आहे, आणि कार्यकारिणीच्या यादीत तीच ती जुनी नावे दिसतात. तरुण येत नाहीत ही तक्रार प्रत्येक वार्षिक सभेत होते. ते आले तर त्यांच्या हाती काय द्यायचे, याची चर्चा क्वचितच होते. सतरंज्या घालण्याचे काम त्यांना लगेच मिळते. किल्ल्या आणि हिशेबाची वही मात्र मिळत नाही. शिंदे पन्नाशीत असताना आपल्या हयातीतच मोकळे झाले आणि त्यानंतर २ जानेवारी १९४४ पर्यंत, म्हणजे आणखी वीस वर्षे, ते कार्यरत राहिले. सूत्रे दिल्याने त्यांचे काम संपले नाही, हेही आपल्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावे.