सहाशे किलोमीटरवरचं कॅमेरा सर्व्हिसिंग

भाचीच्या वाढदिवसाचे दोनशे फोटो काढले. घरी येऊन कॉम्प्युटरवर बघतो तर निम्म्या फोटोंत डोळे धूसर आणि कान एकदम स्पष्ट! च्यायला, म्हटलं, लेन्स गेली.

आता इंजिनिअर माणूस लगेच दुकानात थोडाच जाणार? ब्लोअरनं धूळ उडवली, लेन्स पुसली, फोकस तपासायचा तक्ता प्रिंट केला, टेबलावर तिरपा ठेवला आणि कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन फोकस 'दुरुस्त' केला. त्यानंतर सगळेच फोटो बिघडले.

शेवटी गेलो एका रिपेअरवाल्या काकांकडे. त्यांनी लेन्सच्या मागचे कॉन्टॅक्ट पुसले, माझी सेटिंग शून्यावर आणली आणि दोन फोटो काढून दाखवले. झक्कास! मी माझ्या टेस्टचं सांगितलं तर हसले. म्हणाले, "कॅमेरा तुमच्या शून्याच्या रेघेवर फोकस करतच नव्हता. पुढची जाड रेघ पकडत होता. तुमचं मोजमापच चुकलं, साहेब."

घरी येताना मला हबल आठवली. कारण हाच घोळ एकदा दीड अब्ज डॉलरच्या कॅमेऱ्यात झाला होता.

तर मंडळी, हबल दुर्बीण २४ एप्रिल १९९० रोजी डिस्कव्हरी शटलमधून अवकाशात गेली. २.४ मीटरचा आरसा, त्यामागे डिजिटल कॅमेरे आणि इतर उपकरणं. मे महिन्यात पहिले फोटो आले. ताऱ्याचा मधला ठिपका दिसत होता, पण भोवती प्रकाशाचं पिसाट वलय. आधी सगळ्यांना वाटलं, फोकस थोडा इकडेतिकडे असेल. दुय्यम आरसा पुढे-मागे करून आठवडे घालवले. काही उपयोग नाही. २७ जून १९९० रोजी नासानं जाहीर केलं की आरशाचा आकारच चुकलाय.

किती? कडेला सुमारे २.२ मायक्रॉन. म्हणजे केसाच्या जाडीचा पन्नासावा भाग. पण त्यामुळे कडेवरून येणारा प्रकाश एका जागी आणि मधला प्रकाश दुसऱ्याच जागी एकवटायचा. फोकसचं बटण कितीही फिरवा, दोन्ही एकत्र जुळणारच नाहीत. दुर्बिणीची टिंगल इतकी झाली की १९९१ च्या 'नेकेड गन'च्या दुसऱ्या भागात तिचा फोटो टायटॅनिकच्या पंगतीला लावला होता!

गंमत अशी की आरसा निष्काळजीपणे घासलेला नव्हता. कनेक्टिकटमधल्या पर्किन-एल्मर कंपनीनं तो विलक्षण अचूकपणे घासला होता. फक्त चुकीच्या आकारात.

हे कसं झालं ते शोधायला ल्यू ॲलन यांची समिती नेमली गेली. सुदैवानं आरसा तपासायचं उपकरण, 'नल करेक्टर', अजून तसंच जपलेलं होतं. त्यात दोन आरसे आणि एक लेन्स. लेन्स नेमकी किती अंतरावर हवी हे एका धातूच्या गजानं ठरवायचं, आणि गजाचं टोक लेझरनं पकडायचं. टोकावर मधे भोक असलेली एक टोपी होती, तिला प्रकाश परतू नये म्हणून काळा रंग दिलेला. रंगाचा छोटासा टवका उडाला आणि लेझर गजाच्या टोकाऐवजी टोपीवरूनच परतला. लेन्स १.३ मिलीमीटर चुकली. ती ठरलेल्या जागी बसेना, म्हणून वॉशर घालून बसवली.

म्हणजे माझी जाड रेघच की!

पण मला खरी अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे. आरसा आणखी दोन उपकरणांनी तपासला होता, आणि दोन्हींनी चूक दाखवली होती. पण ती उपकरणं कमी अचूक मानली जात. म्हणून ठरलं, चूक त्यांचीच. ज्या टेस्टवर विश्वास होता ती म्हणत होती, सगळं परफेक्ट. खर्च वाचवण्यासाठी पूर्ण दुर्बीण जोडून शेवटची टेस्टही झाली नाही.

मधली तीन वर्षं आपल्या जमातीनं थोडी लाज राखली. प्रकाश नेमका कसा पसरतोय हे माहीत असेल तर गणितानं तो बराचसा परत गोळा करता येतो. रिचर्डसन आणि लुसी यांनी १९७० च्या दशकात मांडलेली पद्धत इथे उपयोगी पडली. पण अंधुक वस्तूंचा प्रकाश नॉइजमध्ये हरवला की सॉफ्टवेअर तरी काय करणार?

खरा उपाय होता चष्मा. चूक नेमकी मोजता आली होती, मग तेवढीच उलटी चूक पुढच्या भिंगा-आरशांत घालायची. नवा कॅमेरा 'वाइड फील्ड अँड प्लॅनेटरी कॅमेरा २' आधीपासूनच बनत होता, त्याच्या आतल्या आरशांत ही दुरुस्ती घातली. बाकी उपकरणांसाठी 'कोस्टार' नावाची पेटी बनवली, त्यात नाण्याएवढे आरसे. त्यांना दांड्यांवरून पुढे सरकवायची कल्पना जिम क्रॉकर यांना जर्मनीतल्या हॉटेलात शॉवरचा वरखाली होणारा दांडा पाहून सुचली. अंघोळीत सुचण्याची परंपरा जुनीच आहे :)

२ डिसेंबर १९९३ रोजी एंडेव्हर निघालं. पाच स्पेसवॉक. स्टोरी मस्ग्रेव्ह आणि जेफ हॉफमन यांनी सुमारे २८० किलोचा कॅमेरा, पुढे आलेल्या आरशाला धक्का न लावता, बसवला. कॅथरिन थॉर्नटन आणि टॉम एकर्स यांनी कोस्टार. १३ जानेवारी १९९४ रोजी एम १०० दीर्घिकेचे आधीचे आणि नंतरचे फोटो जगानं पाहिले.

साफसफाईही पुढे चालूच राहिली. उणे ८८ अंशांवर ठेवलेल्या सेन्सरवर बारीक थर साचायचा, म्हणून साधारण दर महिन्याला तो गरम करून उडवायचे. तो कॅमेरा २००९ पर्यंत चालला.

असो. आमच्या प्रोजेक्टमध्ये एक जुनी टेस्ट आहे. अधूनमधून फेल होते. "तिचा भरवसा नाही" म्हणून दोन महिन्यांपूर्वी मीच ती बंद केली, आणि तेव्हापासून आमचा बिल्ड मस्त हिरवागार आहे. पुढच्या शुक्रवारी रिलीज आहे.

उद्या सकाळी ऑफिसला गेलो की आधी ती चालू करणार आहे.