खणांच्या पेटीची साधनचिकित्सा

इतिहासाची साधने म्हटली की आपल्यासमोर सनदा, ताम्रपट, बखरी, शकावल्या आणि दप्तरांचे रुमाल उभे राहतात. हे कागद ज्या पेट्यांत व कपाटांत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले गेले, त्यांच्याकडे मात्र संशोधकाची दृष्टी क्वचितच वळते. कागद संग्रहालयात जातो व पेटी जुन्या बाजारात जाते. वस्तुतः कागदाप्रमाणेच लाकडावरही काळाचे व कारागिराचे हस्ताक्षर उमटलेले असते. अलीकडे घरासाठी जुने सामान हौसेने विकत घेण्याची प्रवृत्ती वाढली आहे. तिचे आम्ही स्वागतच करतो. परंतु जुनी वस्तू निवडणे ही केवळ आवडीनिवडीची बाब नसून ती एक प्रकारची साधनचिकित्सा आहे, हे मत येथे एका साध्या वस्तूच्या आधारे मांडण्याचा आमचा विचार आहे. ती वस्तू म्हणजे एकावर एक खण असलेली पेटी, इंग्रजीत जिला ‘चेस्ट ऑफ ड्रॉवर्स’ म्हणतात ती.

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठीत ‘खण’ हा शब्द फार जुना व अनेकार्थी आहे. दोन तुळयांमधील अंतर तो घराचा खण, चोळीच्या कापडाचा तोही खण आणि मेजाचा ओढून उघडावयाचा कप्पा तोही खणच. आपल्या वाड्यांतून वस्तू ठेवण्याची परंपरागत साधने म्हणजे झाकणाची पेटी, संदूक, पेटारा, भिंतीतले फडताळ आणि कोनाडा. एकावर एक ओढावयाच्या खणांची उभी पेटी आपल्याकडे मुख्यतः युरोपीय संपर्कातून आली. म्हणून तिची कुळकथा पाहण्यासाठी आपणांस प्रथम इंग्लंडकडे वळले पाहिजे.

मध्ययुगीन युरोपातही झाकणाची पेटीच सर्वत्र प्रचलित होती. तिची अडचण कोणाही गृहिणीला सांगावयास नको. तळाची वस्तू काढावयाची तर वरचे सारे उपसावे लागते. यावर पहिला उपाय म्हणून पेटीच्या तळाशी एक-दोन खण बसवले गेले, वरचे झाकण मात्र तसेच राहिले. पुढे खण वाढत गेले व झाकण नाहीसे झाले. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये ही पेटी आजच्या रूपास आली. प्रख्यात रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स याने १ जुलै १६६१ रोजी आपल्या खोलीसाठी अशी एक पेटी खरेदी केल्याची नोंद केली आहे. तिला तेहतीस शिलिंग पडले. त्याच दिवशी त्याने एक ‘हिंदी’ झगाही घेतला व त्यास चौतीस शिलिंग मोजले. पेटीपेक्षा झगा एका शिलिंगाने महाग! घड्या घालून ठेवावयाच्या कापडाची संख्या घराघरांत वाढू लागली होती आणि त्या कापडात हिंदुस्थानच्या मालाचाही वाटा होता, हे या एका नोंदीवरून ध्यानात येते.

या पेटीचे लाकूड हाही इतिहासाचा एक अध्याय आहे. आरंभीच्या पेट्या ओकच्या व जाड घडणीच्या. १६६० नंतर, दुसरा चार्ल्स गादीवर आल्यावर, साध्या लाकडाच्या सांगाड्यावर अक्रोडाच्या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवण्याची पद्धत रूढ झाली. १७०९ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात युरोपातील अक्रोडाच्या झाडांची मोठी हानी झाली. पुढे १७२१ साली ब्रिटिश पार्लमेंटने आपल्या अमेरिकन व वेस्ट इंडियन वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरील जकात उठवली आणि महोगनीचा ओघ इंग्लंडकडे सुरू झाला. त्याच वर्षी हिंदुस्थानी छापील सुती कापडाच्या वापरावर बंदी घालणारा कायदाही झाला. एकीकडे खणात ठेवावयाच्या आपल्या कापडाला दार बंद होत होते, तर दुसरीकडे खणांसाठी नवे लाकूड जकातीवाचून आत येत होते. हे लाकूड जमैका, होंडुरास इत्यादी प्रदेशांत गुलामगिरीत जखडलेले आफ्रिकी मजूर तोडीत. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ साली झाला, म्हणजे इंग्लंडच्या दिवाणखान्यांतील कित्येक उत्कृष्ट पेट्या त्यापूर्वीच्या आहेत. त्यांच्या तांबूस चकाकीचे कौतुक करताना या श्रमांचे विस्मरण होऊ देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

१७५४ साली टॉमस चिपेंडेलने आपले नमुन्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. हेपलव्हाइटचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १७८८ साली निघाले. असे नमुने गावोगावच्या सुतारांच्या हाती पडले. त्यामुळे केवळ नमुना चिपेंडेलचा आहे म्हणून पेटी चिपेंडेलच्या कारखान्यातील आहे असे ठरत नाही, ही पारखीतील पहिली सावधगिरी होय.

आपल्या प्रदेशांशी या वस्तूचा संबंध दोन वाटांनी आला. पहिली वाट गोव्याची. सतराव्या शतकात गोव्यातील कारागिरांनी पोर्तुगिजांसाठी ‘कॉन्तादोर’ नावाची अनेक लहान खणांची कपाटे घडवली. सागवानावर आबनुसाची वर्तुळाकृती जडणकाम, मुलामा दिलेल्या तांब्याच्या पट्ट्या आणि खाली आधार म्हणून नागकन्येसारख्या कोरीव आकृती, असे त्यांचे रूप. नाव पोर्तुगीज, उपयोग युरोपीय, परंतु हात व कल्पना येथील. यातील काही कपाटांत दर्शनी दोन-तीन खण दिसतात व ओढल्यावर तो एकच खोल खण निघतो. दुसरी वाट लष्करी छावण्यांची. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी प्रवासासाठी जी पेटी वापरीत, ती दोन भागांत विलग होई, तिचे पाय फिरवून काढता येत, कोपरे पितळेने मढवलेले असत आणि कड्या लाकडात बुडवलेल्या असत, जेणेकरून वाहतुकीत काही अडकू नये. अशा छावण्या महू, बेळगाव व सिकंदराबाद येथेही होत्या, आणि तेथील अधिकाऱ्यांच्या बदल्यांबरोबर त्यांचे सामानही एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जात असे.

आता प्रत्यक्ष परीक्षेकडे वळू. हस्तलिखित तपासताना आपण मजकुराआधी कागद, शाई व वळण पाहतो. पेटीच्या बाबतीतही दर्शनी भाग सर्वांत शेवटी पाहावा. खण पूर्ण बाहेर काढावा व उलटा करावा. खणाची पुढची फळी व बाजूची फळी जेथे मिळतात, तेथे कबुतराच्या पसरलेल्या शेपटीच्या आकाराचे दाते एकमेकांत गुंतलेले दिसतात. इंग्रज सुतार याच कारणाने या सांध्यास ‘डव्हटेल’ म्हणतात. सतराव्या शतकातील दाते मोजके व ओबडधोबड, अठराव्या शतकातील निमुळते व नाजूक. हाताने कापलेले दाते परस्परांशी तंतोतंत सारखे नसतात. सर्व दाते व त्यांमधील अंतरे यंत्रवत् समान असतील तर ते काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचे किंवा त्यानंतरचे समजावे. खणाच्या तळफळीचे रेषे पाहावेत. इंग्रजी कामात ते अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत बहुधा पुढून मागे जातात, नंतर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे.

पाठीच्या फळ्यांवर करवतीच्या खुणा असतात. सरळ खुणा हातकरवतीच्या, कमानदार खुणा चक्राकार करवतीच्या, आणि ही दुसरी करवत एकोणिसाव्या शतकात सर्वत्र पसरली. मळसूत्री खिळा टोकदार असेल तर तो त्या शतकाच्या मध्यापूर्वीचा सहसा नसतो. जुन्या हातघडणीच्या खिळ्याचे टोक बोथट व डोक्यावरची खाच किंचित एका बाजूस असते. अर्थात एका खिळ्यावरून निकाल देऊ नये, कारण दुरुस्ती कोणत्याही काळात झालेली असू शकते. पुढच्या फळीच्या आतील बाजूस कड्यांची जादा भोके आढळली तर मूळ कड्या बदलल्या आहेत असे समजावे. हा दोष नव्हे, ती पेटीच्या चरित्रातील एक नोंद आहे. मात्र विक्रेता त्याच कड्यांना मूळच्या म्हणत असेल तर त्याच्या इतर विधानांविषयीही सावध राहावे.

किडीची भोकेही बोलकी असतात. कीड लाकडाच्या आत बोगदे करते व पृष्ठभागावर केवळ तिच्या बाहेर पडण्याची गोल भोके राहतात. पृष्ठभागावर लांबच लांब उघडे चर दिसले, तर कीड लागल्यानंतर ते लाकूड कापले गेले, म्हणजेच जुन्या फळ्यांतून नवी वस्तू घडवली गेली असा संशय घ्यावा. भोकांखाली ताजा भुसा पडत असेल तर कीड अद्याप जिवंत आहे. अशी पेटी उपचार केल्याशिवाय घरात आणणे इतर सामानास घातक ठरेल.

आणखी एक प्रकार ध्यानात ठेवण्याजोगा आहे. उंच पेटी दोन भागांची असते. कालांतराने भाग विलग होतात आणि एकीचा वरचा भाग दुसरीच्या खालच्या भागावर बसवला जातो. इंग्रज व्यापारी यास ‘विवाह’ म्हणतात. दोन्ही भागांतील दाते, पाठीच्या फळ्या व लाकडाचे रेषे ताडून पाहिले की हे जोडकाम उघडकीस येते. पाठभेद जुळवणाऱ्यास ही पद्धत अपरिचित वाटणार नाही.

मग घरासाठी निवड कोणती करावी? ‘प्राचीन’ या शब्दाची सीमा निरनिराळ्या कायद्यांनी निरनिराळी आखली आहे. अमेरिकेच्या १९३० च्या जकात कायद्याने १८३० पूर्वीच्या वस्तूंना तो मान दिला होता. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात कलाकुसरीच्या वस्तूंसाठी सामान्यतः शंभर वर्षांची मर्यादा आहे आणि अशी वस्तू खाजगी व्यक्तीस परदेशी पाठवता येत नाही. परंतु घरगुती निवडीत केवळ वयावर भर देणे योग्य नव्हे. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची, गावच्या सुताराने सागवानात घडवलेली, खण सहज सरकणारी साधी पेटी, ही ‘अठराव्या शतकातील’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जोडकामापेक्षा शतपटीने श्रेयस्कर होय. जागेचे माप घ्यावे, खण पूर्ण ओढण्यास पुढे अवकाश आहे की नाही ते पाहावे, आणि ज्या वस्तूविषयी विक्रेता ‘हे बदलले आहे, हे दुरुस्त केले आहे’ असे आपणहून सांगतो, ती अधिक विश्वासाने घ्यावी.

निवडीनंतरची जबाबदारी निवडीहून मोठी आहे. जुनी पेटी घरी येताच तिला रंधा मारून, घासून व चकचकीत पॉलिश करून ‘नवी’ करण्याचा मोह होतो. येथेच सर्वाधिक नाश होतो. शतकभराच्या हाताळणीने लाकडास आलेली झाक, करवतीच्या खुणा, एखाद्या सुताराने पेन्सिलीने फळीवर लिहिलेला खणाचा क्रमांक, खणाच्या तळाशी पसरलेला जुन्या जमाखर्चाचा कागद, हे सारे एका दुपारात नाहीसे होते व पुन्हा कधीही मिळत नाही. हस्तलिखितातील अक्षरे पुसट झाली म्हणून त्यांवर नवी शाई फिरवणाऱ्यास आपण क्षमा करीत नाही, मग लाकडावरील लेखास वेगळा न्याय का? धूळ मऊ फडक्याने पुसावी, मेणाचा हलका हात द्यावा, सैल सांधा परत उलगडता येईल अशा सरसानेच बसवावा, आणि काय केले त्याची चिठ्ठी तारखेसह एका खणात ठेवावी. इतके केले तर पुढच्या पिढीतील अभ्यासकास ती पेटी वाचता येईल.

आपल्या मराठी वस्त्या महाराष्ट्राबाहेर ज्या ज्या गावी पिढ्यान्‌पिढ्या नांदल्या, तेथे जुनी घरे मोडली जात आहेत व त्यांतील सामान वजनाच्या भावाने जात आहे. दप्तरे वाचवण्यासाठी मागील पिढीतील विद्वानांनी गावोगाव पायपीट केली. त्या दप्तरांच्या सोबतीने राहिलेले लाकूड वाचवण्यास तितक्या पायपिटीची गरज नाही. विकण्यापूर्वी एक खण बाहेर काढून उलटा करून पाहावा, एवढेच आमचे मागणे आहे.