नोकरी सोडून डॉक्टर व्हायचे आहे? प्रवेशाचा अर्ज भक्कम कसा कराल

“ताई, सहा वर्षे आरोग्य प्रकल्पात काम केले. एमबीबीएसच्या प्रवेशात त्याचे काही गुण मिळतील का?” आमच्या वस्तीतील तिशीच्या एका कार्यकर्त्याने मला विचारले. गुण मिळत नाहीत. अमेरिकेत एमकॅट परीक्षेसोबत अनुभव, निबंध, शिफारसपत्रे आणि मुलाखतही पाहतात. तिथले व्हिडिओ पाहून आपली मुले अनुभवाची प्रमाणपत्रे गोळा करत बसतात. आपल्याकडे प्रवेश ठरतो दोन गोष्टींवर : नीटचे गुण आणि कागदपत्रे.

वयाची अट

प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण हवीत. कमाल वयाची अट राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये काढून टाकली. परीक्षा कितीदा द्यावी यालाही मर्यादा नाही. मात्र हिशोब मांडा. साडेचार वर्षे अभ्यासक्रम आणि एक वर्ष इंटर्नशिप. तिसाव्या वर्षी प्रवेश घेणारा साधारण छत्तिशीत डॉक्टर होतो.

बारावी कला किंवा वाणिज्य असेल तर

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय बारावी स्तरावर उत्तीर्ण हवेत. पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींना ४० टक्के गुण लागतात. बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र देऊन उत्तीर्ण झालेल्यांनाही नीट देता येते, असे आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले. बारावीला गणित घेऊन इंजिनिअर झालेल्यांसाठी हा दरवाजा मोलाचा आहे.

अभ्यास

२०२५ च्या पद्धतीनुसार १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. यातले ९० प्रश्न, म्हणजे निम्मे गुण, एकट्या जीवशास्त्राचे. नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्याने एनसीईआरटीचे जीवशास्त्र आधी पक्के करावे. भौतिकशास्त्रासाठी रोज ठरावीक वेळ राखावा, कारण जुना सराव सर्वांत आधी तिथेच तुटतो. दर रविवारी घड्याळ लावून तीन तासांची एक सराव प्रश्नपत्रिका सोडवा.

पात्रता आणि प्रवेश यांत गल्लत करू नका. राखीव प्रवर्गाला पात्रतेसाठी ४० वे पर्सेंटाइल पुरते. सरकारी जागा मिळवायला त्याहून बरेच जास्त गुण लागतात.

जातीचा दाखला आणि वैधता

आपल्या समाजातील उमेदवाराची सगळ्यांत जास्त धावपळ इथे होते. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्याही सवलती लागू झाल्या. अखिल भारतीय कोट्यात (सरकारी महाविद्यालयांच्या १५ टक्के जागा) अनुसूचित जातींना १५ टक्के, तर राज्याच्या कोट्यात १३ टक्के आरक्षण आहे. राज्याच्या जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते.

पडताळणी समिती १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा पाहते. नागपूरची धम्मदीक्षा १९५६ ची. त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या कागदावर जुनी जात आणि तुमच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ असणे स्वाभाविक आहे. घाबरू नका, पण नात्याची साखळी कागदावर जुळली पाहिजे : आजोबांचा शाळेचा किंवा महसुली उतारा, वडिलांचा दाखला, तुमचा दाखला. वडील, काका, आत्या किंवा सख्ख्या भावंडाची वैधता असेल तर काम सोपे होते. विवाहित महिलांनी माहेरचे, म्हणजे वडिलांकडचेच पुरावे जोडावेत. पहिल्या पदवीच्या वेळी वैधता काढली असेल तर ती आजच शोधून ठेवा.

पैसा

केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. नोकरदाराचे घर ती सहज ओलांडते. शिवाय एक पदवी झाल्यावर त्याच स्तरावरच्या दुसऱ्या अभ्यासक्रमासाठी वेगळे नियम आहेत. प्रवेशानंतर धक्का बसण्यापेक्षा आधीच समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांकडे लेखी विचारणा करा आणि उत्तरही लेखी घ्या. शिक्षणातील खंडाचे प्रतिज्ञापत्रही तयार असू द्या.

बाबासाहेबांनी १९२० मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकी सोडून पुन्हा लंडन गाठले. जाण्याआधी त्यांनी पगारातून पैसे साठवले होते. शाहू महाराजांचीही मदत झाली. आपणही राजीनाम्याआधी किमान एका वर्षाचा घरखर्च बाजूला ठेवावा.

मग तो अनुभव वाया गेला का?

गुणवत्ता यादीत त्याला जागा नाही, हे खरे. पण तापाने फणफणलेले मूल घेऊन आलेली आई मजुरी बुडवून आली आहे, हे तिने न सांगता त्या कार्यकर्त्याला कळते. ते त्याला दवाखान्यात उपयोगी पडेल. तिथवर पोहोचण्यासाठी त्याने गेल्या आठवड्यात वैधतेचा अर्ज भरला.