युलिमिट : शेलमधून प्रक्रियांच्या मर्यादा ठरवणे आणि तपासणे

मंगफ (कुवेत) : लिनक्स अथवा युनिक्स प्रणालीवर चालणारी प्रत्येक प्रक्रिया संगणकाची साधने वापरते : प्रोसेसरचा वेळ, स्मृती, उघडलेल्या फाइली, नव्या उपप्रक्रिया. एका प्रक्रियेने ही साधने बेसुमार वापरली, तर त्याच यंत्रावरील इतरांची कामे अडतात. म्हणून कर्नल प्रत्येक प्रक्रियेला साधननिहाय मर्यादा घालून देतो. या मर्यादा पाहण्याची आणि बदलण्याची शेलमधील आज्ञा म्हणजे 'युलिमिट'. मर्यादांची आजची व्यवस्था १९८३ मध्ये आलेल्या ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीतील आहे.

मर्यादेकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, याचे ठळक उदाहरण २५ नोव्हेंबर २०२० रोजी दिसले. ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील केंद्रात 'कायनेसिस' या सेवेची क्षमता वाढवण्यासाठी नवे सर्व्हर जोडण्यात आले. त्या रचनेत प्रत्येक सर्व्हर ताफ्यातील इतर प्रत्येक सर्व्हरसाठी एक थ्रेड उघडत असे. सर्व्हर वाढताच सगळ्यांचेच थ्रेड ऑपरेटिंग सिस्टिमच्या मांडणीत ठरलेल्या कमाल संख्येपलीकडे गेले. सेवा पूर्ववत होण्यास सुमारे १७ तास लागले आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या अनेक सेवाही कोलमडल्या. पुरेशा चाचणीशिवाय मर्यादा वाढवणे धोक्याचे वाटल्याने कंपनीने आधी नवे सर्व्हर काढून घेतले.

सॉफ्ट आणि हार्ड मर्यादा

प्रत्येक साधनाला दोन मर्यादा असतात. सॉफ्ट मर्यादा प्रत्यक्ष लागू असते. हार्ड मर्यादा ही तिची कमाल पातळी होय. सामान्य वापरकर्ता सॉफ्ट मर्यादा हार्डपर्यंत वाढवू शकतो. हार्ड मर्यादा तो कमी करू शकतो. पण एकदा कमी केलेली पुन्हा वाढवण्याचा अधिकार फक्त रूटला असतो. मोठ्या लिपीतील 'एस' हा पर्याय सॉफ्ट आणि 'एच' हार्ड मर्यादा दर्शवतो.

येथे एक फसगत नेहमी होते. बॅश शेलमध्ये यांपैकी कोणताही पर्याय न देता मर्यादा पाहिल्यास सॉफ्ट आकडा दिसतो; मात्र पर्याय न देता आकडा लिहिल्यास दोन्ही मर्यादा बदलतात. 'युलिमिट -एन २०४८' असे लिहिणाऱ्याची हार्ड मर्यादाही २०४८ वर येते आणि त्या शेलमध्ये ती वर नेता येत नाही. तात्पुरता बदल करायचा असेल, तर '-एस' लिहिणे श्रेयस्कर.

मुख्य पर्याय

'युलिमिट -ए' सर्व मर्यादांची यादी देते. पुढील पर्याय लहान लिपीत लिहावयाचे आहेत.

'-एन' : उघडलेल्या फाइलींची संख्या. जाळ्यावरील जोडण्या म्हणजे सॉकेटही यात मोजले जातात. सॉफ्ट मर्यादा बहुधा १०२४ असते. ती ओलांडल्यास 'टू मेनी ओपन फाइल्स' हा संदेश येतो.

'-यू' : एका वापरकर्त्याच्या प्रक्रियांची संख्या. लिनक्सवर थ्रेडही यात धरले जातात. स्वतःच्याच प्रती काढत सुटणाऱ्या प्रोग्रॅमला हाच लगाम असतो.

'-व्ही' : आभासी स्मृती, किलोबाइटमध्ये. ही मर्यादा प्रत्येक प्रक्रियेला स्वतंत्रपणे लागते, सर्वांच्या बेरजेला नव्हे. समूहाची एकत्रित मर्यादा हवी असल्यास 'सीग्रुप' ही वेगळी सोय वापरावी लागते.

'-एस' : स्टॅक, किलोबाइटमध्ये, नेहमीचा आकडा ८१९२. हवामानाच्या प्रारूपांसारखे मोठ्या सरण्यांचे फोरट्रान प्रोग्रॅम कधीकधी या आकड्यामुळे सुरू होताच बंद पडतात. दोष प्रोग्रॅममध्ये शोधण्यापूर्वी स्टॅकची मर्यादा पाहावी.

'-टी' : प्रोसेसरचा वेळ, सेकंदांत. सॉफ्ट मर्यादेला प्रक्रियेस इशाऱ्याचा सिग्नल जातो. हार्ड मर्यादेला ती थेट संपवली जाते.

मर्यादा कोणाला लागते

मर्यादा जनक प्रक्रियेकडून उपप्रक्रियेकडे वारशाने येतात. म्हणूनच युलिमिट ही शेलच्या पोटातील आज्ञा आहे. ती स्वतंत्र प्रोग्रॅम असती, तर तिने केलेला बदल तिच्याबरोबरच संपला असता. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, शेलमध्ये केलेला बदल त्यानंतर त्याच शेलमधून सुरू झालेल्या कामांनाच लागतो, आधीपासून चालू असलेल्यांना नाही. दोन, एकाच कामापुरती मर्यादा हवी असल्यास युलिमिट आणि ते काम एकाच कंसात लिहावे. कंसातील उपशेल संपताच मूळ शेल जसाच्या तसा राहतो.

कायमच्या मर्यादा लॉगिन करणाऱ्यांसाठी 'लिमिट्स' या मांडणी-फाइलीत लिहितात आणि त्या नव्या लॉगिनपासून लागू होतात. सिस्टिमडीने सुरू केलेल्या सेवा मात्र ही फाइल वाचत नाहीत. त्यांच्या युनिट फाइलमध्ये 'लिमिटनोफाइल' यासारखी ओळ लिहून सेवा पुन्हा सुरू करावी लागते. 'मर्यादा वाढवली, तरी त्रुटी तीच' या तक्रारीचे मूळ बहुधा येथे सापडते.

चालू प्रक्रियेची तपासणी

स्वतःच्या शेलमधील आकडा हा सेवेचा आकडा नव्हे. चालू प्रक्रियेच्या खऱ्या मर्यादा 'प्रॉक' निर्देशिकेत तिच्या क्रमांकाखालील 'लिमिट्स' या फाइलीत दिसतात. तेथेच 'एफडी' या उपनिर्देशिकेतील नोंदी मोजल्या, तर किती फाइली उघड्या आहेत ते कळते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की निदान होते. संख्या तासागणिक वाढतच असेल, तर प्रोग्रॅम फाइली बंद करत नाही. तेथे मर्यादा वाढवल्याने बिघाड फक्त पुढे ढकलला जातो. सेवा न थांबवता मर्यादा बदलण्यासाठी 'पीआरलिमिट' ही आज्ञा आहे. तिला लागणारी सोय कर्नलच्या २.६.३६ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे.

दुरून काम करताना

मंगफमध्ये बसून पुण्या-मुंबईतील सर्व्हर सांभाळणाऱ्याला आठवड्याचे गणितही ध्यानात घ्यावे लागते. कुवेतमध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी, भारतातील बहुतेक संगणक कंपन्यांत शनिवार-रविवारी; दोन्हीकडची माणसे एकाच वेळी कामावर असतात ती सोमवार ते गुरुवार. प्रक्रियांची मर्यादा चुकून फार कमी लिहिली गेली, तर त्या खात्यातून नवे लॉगिनच होत नाही आणि यंत्रापाशी कोणी नसल्यास दुरुस्ती अडते. म्हणून असा बदल या चार दिवसांत करावा, जुने सत्र उघडे ठेवावे, दुसऱ्या सत्रातून लॉगिन होत असल्याची खात्री करावी आणि मगच पहिले बंद करावे. पूर्वीचे आकडे आधी लिहून ठेवणेही तितकेच आवश्यक आहे.