अक्राणी महाल : भूगोल व इतिहास

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर भागात, सातपुड्याच्या रांगांत अक्राणी तालुका वसला आहे. उत्तरेस नर्मदेचे खोल खोरे, दक्षिणेकडे डोंगर उतरताच तापीकाठची काळी, सपाट जमीन. मध्ये तोरणमाळचे पठार व अस्तंभ्याचे शिखर, अशी ही रचना होय. येथील गाव सलग वस्तीचे नसून उतारांवर विखुरलेल्या पाड्यांचे असते.

‘महाल’ हा अरबी शब्द महसुली व्यवस्थेतून आला. तालुक्याहून लहान असा हा विभाग महालकऱ्याच्या अखत्यारीत असे. ठाणे धडगावी असूनही तालुक्याचे नाव मात्र अक्राणीच राहिले. १९०६ मध्ये खानदेशाचे विभाजन झाल्यावर हा मुलूख पश्चिम खानदेशात, पुढे धुळे जिल्ह्यात आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात गणला गेला. ग्रीअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणात (१९०७) येथील पावरी बोलीची नोंद भिल्ली भाषांत आढळते.

सरदार सरोवरामुळे अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. अनेक कुटुंबे तळोदा व शहादा तालुक्यांतील आखीव वसाहतींत आली. महसुली गावाचे नाव दप्तरात टिकते. पाडा, नाला, उतार व शेत यांची नावे मात्र बहुधा बोलणाऱ्यांच्या मुखातच असतात. सपाटीवर त्यांचे प्रयोजन उरत नाही. ज्यांनी ते खोरे पाहिले, त्यांच्या हयातीतच ही नावे टिपली न गेल्यास महालाच्या इतिहासाचे एक मूळ साधन कायमचे नष्ट होईल.