चौलचा 'च'

मंडळी, कुठलीही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घ्या, पहिल्या आठवड्यात "टेक्स्ट फाईल वाचणे आणि लिहिणे" हा धडा येतोच. फाईल उघडा, ओळ वाचा, ओळ लिहा, फाईल बंद करा. चार ओळींचं काम. सगळे हा धडा दहा मिनिटांत उरकतात आणि मग पुढची दहा वर्षं प्रश्नचिन्हं आणि चौकोन बघत बसतात :)

कारण त्या धड्यात एक गोष्ट बहुतेक वेळा सांगायची राहून जाते. फाईलमध्ये अक्षरं नसतातच! असतात ते नुसते आकडे, म्हणजे बाईट. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, हे ठरवणारा तक्ता वेगळा असतो. लिहिणाऱ्याचा तक्ता एक आणि वाचणाऱ्याचा दुसरा असला की संपलं. हा घोळ काँप्युटरने आणला असं आपल्याला वाटतं. पण तो फार जुना आहे, आणि तो समजून घ्यायला माझ्या मते सगळ्यात चांगलं गाव म्हणजे आपलं चौल.

अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना लागणारं, नारळी-पोफळीच्या वाड्यांत लपलेलं हे गाव आज शांत आहे. पण दीड-दोन हजार वर्षं ते पश्चिम किनाऱ्यावरचं नावाजलेलं बंदर होतं. त्यामुळे झालं काय, की जगभरच्या माणसांनी या गावाचं नाव आपापल्या लिपीत लिहून ठेवलं.

कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांचे ब्राह्मी लेख आहेत, त्यांत हे गाव 'चेमुल' म्हणून येतं. ब्राह्मीत 'च' आहे, त्यामुळे काही अडलं नाही. पहिल्या शतकात एका ग्रीक जाणकाराने 'पेरिप्लस' नावाचं व्यापाऱ्यांचं मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. त्यात हेच बंदर 'सेमुल्ला' झालं. ग्रीक लिपीत 'च' नाही ना! मग सगळ्यात जवळचं अक्षर बसवलं, 'स'. पुढे इ.स. ९१५-१६ च्या सुमारास अल-मसूदी हा अरब प्रवासी इथे आला. त्याच्या लिखाणात गावाचं नाव आहे 'सैमूर'. अरबी लिपीतही 'च' नाही, तिथे 'साद' हे अक्षर आलं. ('ल' चा 'र' झाला तो मात्र ऐकण्या-बोलण्यातला फरक असणार, कारण अरबीत 'ल' आहे.)

आता आपल्या भाषेत सांगायचं तर हे दोघे काय करत होते? मजकूर लिहिताना तक्त्यात नसलेलं अक्षर आलं, तर पायथॉनला तीन गोष्टी सांगता येतात: एरर देऊन थांब, ते अक्षर गाळून टाक, किंवा त्याच्या जागी दुसरं काहीतरी ठेव. ग्रीक आणि अरब लेखकांनी तिसरा मार्ग घेतला. व्यापार काही थांबला नाही. पण फक्त 'सैमूर' हाती असेल, तर मूळ अक्षर 'स' होतं, 'श' होतं की 'च', हे त्या शब्दावरून कुणालाच सांगता येणार नाही. माहिती गेली ती गेली. आपल्याला 'च' कळतो तो कान्हेरीच्या दगडावर दुसरी प्रत शिल्लक आहे म्हणून.

आता तिसरा पाहुणा, माझा आवडता. अफनासी निकितीन. रशियातल्या त्वेर शहराचा हा व्यापारी इ.स. १४७० च्या आसपास होर्मुझहून एक घोडा घेऊन गलबताने चौलला उतरला. म्हणजे वास्को द गामा कालिकतला यायच्या (१४९८) जवळजवळ पाव शतक आधी. (त्याच्यावर १९५७ साली 'परदेसी' नावाचा हिंदी-रशियन सिनेमाही निघाला होता. ख्वाजा अहमद अब्बास यांचा, नर्गिस आणि बलराज साहनी असलेला.) निकितीन चौलहून घाट चढून जुन्नरला गेला, तिथे पावसाळा काढला, पुढे बिदर वगैरे बघून दाभोळहून परत निघाला. या सगळ्याच्या त्याने नोंदी ठेवल्या. त्यात चौल आहे 'च्यूविल'. रशियन लिपीत 'च' ला स्वतंत्र अक्षर आहे, त्यामुळे हजारो किलोमीटरवरून आलेल्या या माणसाच्या वहीत आपला 'च' शाबूत राहिला!

गंमत इथे संपत नाही. निकितीन मधेच रशियन सोडून तुर्की, फारसी, अरबी शब्दांची सरमिसळ करतो, पण लिपी रशियनच ठेवतो. काही नाजूक गोष्टी, मनातल्या धर्माच्या शंका आणि शेवटची प्रार्थना अशा मिश्र भाषेत आहे. घरी पोचायच्या आधीच, स्मोलेन्स्कच्या अलीकडे, तो वारला. कागद १४७५ साली मॉस्कोत एका सरकारी कारभाऱ्याकडे पोचले आणि तिथून बखरींमध्ये उतरवले गेले. मूळ वह्या आज नाहीत, आहेत त्या नकला.

आता विचार करा, नक्कल करणाऱ्या कारकुनाला ती अरबी प्रार्थना कळत असेल का? बहुधा नाही. त्याच्या दृष्टीने तो निव्वळ कचरा, आपल्याला चुकीच्या तक्त्याने उघडलेली फाईल दिसते तसा. पण त्याने तो कचरा गाळला नाही. अक्षरामागून अक्षर उतरवत गेला. थोड्याफार चुका झाल्या, पण मजकूर टिकला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार करमझीनच्या हाती ही नक्कल लागल्यानंतर अभ्यासकांना ती प्रार्थना लावता आली. म्हणून मला हा अनामिक कारकून फार मोठा माणूस वाटतो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझ्या मामांची फाईल. मामांनी १९९९ च्या सुमारास चौल-रेवदंड्याच्या वाड्या, पाखाड्या, देवळं, जत्रा आणि बागाईतीतले जुने शब्द असं बरंच काही टाईप करून ठेवलं होतं. ज्यांच्याकडून ऐकलं ती म्हातारी माणसं आता नाहीत. मामाही नाहीत. फाईल आहे. आणि उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो.

कारण त्या काळच्या बहुतेक मराठी फॉन्टची युक्ती अशी, की फाईलमध्ये इंग्रजी अक्षरांचेच आकडे ठेवायचे आणि फॉन्टमध्ये त्या जागी देवनागरीचे तुकडे काढायचे. उदाहरणार्थ, कृतिदेव फॉन्टमध्ये 'राम' दिसतो, पण फाईलमध्ये असतात जे, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरं. फॉन्ट गेला की राम गेला! प्रत्येक फॉन्टचा तक्ता पुन्हा निराळा. तसं बघायला गेलं तर भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण १९९१ पर्यंत कागदावर आलं होतं, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, आणि १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाईक यांनी यूटीएफ-८ ही पद्धत काढली. तिच्यात 'चौल' म्हणजे तीन चिन्हं (च, औकार, ल) आणि प्रत्येकी तीन, असे नऊ बाईट. पण डीटीपीवाल्यांच्या आणि घरोघरच्या मशीनवर हे पोचायला पुढे बरीच वर्षं गेली. त्या मधल्या काळातलं मराठी असंच अडकून पडलंय.

मामांच्या फाईलसाठी मी कन्व्हर्टर लिहायला घेतला. आकडा बदलून आकडा टाकणे सोपं. पण जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर, म्हणजे ती उचलून पलीकडे न्यायची. रफार उलटा, तो मागून आणून पुढे. आणि सगळ्यात कठीण म्हणजे 'दर्या' आणि 'दऱ्या'. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. कोकणच्या फाईलीत दोन्ही असणारच! त्यातून युनिकोडमध्ये 'दऱ्या' दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिता येतो. दिसायला सारखा, बाईट वेगळे, त्यामुळे शोधायला गेलं तर एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही.

तीनेक रविवारांत बराचसा मजकूर लागला. काही शब्द मात्र अजून लागत नाहीत. ते टायपिंगच्या चुका आहेत की आज कुणी न वापरणारे बागाईतीतले शब्द, हे ठरवणारं कोणी उरलेलं नाही. मोह होतो की ओळखीचा शब्द घालून वाक्य नीट करून टाकावं. पण मग मी अरबी 'साद' बसवणाऱ्याच्याच रांगेत जाऊन बसेन.

म्हणून मी काही नियम ठरवलेत, तुम्हालाही उपयोगी पडतील. एक, मूळ फाईल फक्त वाचायची, तिच्यावर कधी लिहायचं नाही. लिहिण्यासाठी उघडल्या क्षणी जुना मजकूर पुसला जातो, हे पायथॉन असो की सी, दोन्हीकडे खरं आहे. दोन, वाचताना आणि लिहिताना तक्त्याचं नाव स्पष्ट द्यायचं, मशीनवर सोडायचं नाही. तीन, न कळणारं अक्षर गाळायचं नाही आणि बदलायचं तर अजिबात नाही. त्याचा मूळ आकडा कंसात लिहून तसंच पुढे जायचं.

तुमच्या घरीही अशी एखादी फ्लॉपी किंवा सीडी असेल. आजोबांची कुळकथा, आईच्या पाककृती, मंडळाची स्मरणिका. आधी जशीच्या तशी नक्कल करून ठेवा. वाचायचं कसं ते नंतर बघू. मॉस्कोच्या त्या कारकुनाने तेवढंच केलं होतं, आणि तेवढं पुरलं.