नळी आधी, नेम मागाहून

बारा बोअरच्या बंदुकीला मुळात नेमाच्या साधनाची गरजच नव्हती. उडत्या पक्ष्यावर ती रोखून धरायची नसते, त्याच्या वाटेवर फिरवायची असते. उरलेलं काम छर्‍यांचा फैलाव करतो. म्हणून नळीच्या टोकाला फक्त एक बारीक मणी असतो, त्याला माशी म्हणतात. मागे खाच नाही, तिथे शिकाऱ्याचा डोळाच असतो. गाल दस्त्यावर जरा वर टेकला की डोळा वर, आणि गोळीही वर. छर्‍यांना हे चालून जातं. हरणावर सोडलेल्या एकाच जड शिशाच्या गोळीला, म्हणजे स्लगला, नाही. त्यामुळे अशा बंदुकीवर दुर्बीण कोणती बसवावी, इथूनच बहुतेक जण सुरुवात करतात. मला ती उलटी वाटते. या साधनांची कुळकथा सांगते की गोळी आणि नळी यांनी मार्ग काढला आणि नेम त्यांच्या मागून आला.

हिंदुस्थानात फौजेत नोकरी केलेल्या कर्नल जॉर्ज फॉस्बेरी यांनी १८८५ मध्ये ‘पॅराडॉक्स’ बंदुकीचं पेटंट घेतलं. नळी जवळजवळ सगळी गुळगुळीत, फक्त तोंडाशी काही इंच आटे. छर्‍यांचं काम बिघडत नसे आणि गोळीला बाहेर पडताना गिरकी मिळे. जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८ मध्ये, तर अमेरिकेत कार्ल फॉस्टर यांनी १९३१ मध्ये वेगळा उपाय काढला: नळी गुळगुळीतच ठेवून गोळी बदलली. फॉस्टरची गोळी मागून पोकळ, वजन सगळं नाकाशी. बॅडमिंटनचं फूल बूच पुढे करून जातं, तशी ती सरळ जाते. तिच्या अंगावरच्या तिरप्या खाचांमुळे ती गरगरते असा समज आहे, पण त्यांचा खरा उपयोग चोकमधून, म्हणजे नळीच्या आवळलेल्या तोंडातून, दबून सहज निघण्यापुरता.

अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या सपाट, वस्तीच्या शेतीप्रदेशात रायफलची गोळी फार लांब जाईल या धास्तीने अनेक राज्यांनी हरणासाठी बंदूकच सक्तीची केली. या बाजारासाठी इथाका कंपनीने १९५९ मध्ये ‘डिअरस्लेयर’ आणली: घट्ट नळी आणि रायफलसारखी मागची-पुढची नेमसाधनं. पुढे संपूर्ण आट्यांच्या नळ्या आल्या, आणि त्यांच्यासाठी सॅबो, म्हणजे फ्रेंचमध्ये लाकडी खडाव. प्लास्टिकची ही खडाव आटे धरते, गोळीला फिरवते आणि बाहेर पडताच गळून पडते. गुळगुळीत नळीतून हीच महागडी गोळी न फिरता भरकटते.

कुणी म्हणेल, दुर्बीण तर कुठल्याही नळीला उपयोगी. अंधूक उजेडात हरीण दिसायला नक्कीच. पण ती गोळीचा विखुरलेपणा कमी करत नाही. गुळगुळीत नळीला पुढची-मागची साधी नेमसाधनं पुरतात. मग सगळ्यांनी आट्यांचीच नळी घ्यावी का? तिच्यातून छर्रे कड्यासारखे पसरतात आणि मध्ये भोक पडतं, म्हणून पक्ष्यांची शिकार करणाऱ्याला दुसरी नळी ठेवावी लागते. नळी बदलायची म्हणजे ती निघणारी हवी, आणि निघणारी नळी सांध्यात केसभर हलते. दुर्बीण सांध्यामागच्या सांगाड्यावर असेल तर नळी हलली तरी दुर्बीण जागची हलत नाही, आणि नेम चुकतो. यावरचा उपाय म्हणजे नळीलाच जोडलेली, मागे सांध्यावरून अधांतरी येणारी पट्टी. तिच्यावर बसवलेली दुर्बीण नळीबरोबर हलते आणि नळी काढली की तिच्याबरोबरच निघते.